फरदड ठेवू नका



बुलढाण्याच्या कपाशीवाल्याला डोमकळी समजावून सांगावी लागत नाही. पाकळ्या न उमललेलं फूल दिसलं की तो तोडतो, उकलतो. आत गुलाबी अळी! ‘एका फुलानं काय होतं’ म्हणून सोडून देण्याची किंमत 2017च्या हंगामात बोंडअळीनं कपाशी खाल्ली तेव्हा आपण मोजली आहे.

मग हीच नजर घरातल्या दारूवर का पडत नाही? ‘मी काय रोज पितो का?’, ‘मनात आणलं तर उद्या सोडीन’, ‘कर्जाचा घोर आहे म्हणून घेतो’ या साऱ्या डोमकळ्याच. घरचेही पांघरूण घालतात. बायको सांगते, ‘ह्यांना कणकण आहे.’ आई गुपचूप उधारी फेडते. मायबहिणींनो, तुमची माया कळते मला. पण यानं अळीच पोसली जाते.

दारू सोडायची म्हणून कुणी माळ घालतो, कुणी शेगावला जाऊन शपथ घेतो. त्या श्रद्धेनं बळ मिळतं, खरं आहे. पण दारू सोडणं वेगळं आणि बरं होणं वेगळं. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली, की दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, भास होतात, कुणाला झटकेही येतात. घरचे म्हणतात, बाहेरचं झालं. आणि गाडी सैलानीच्या दर्ग्याकडे निघते. अहो, आधी दवाखाना गाठा! यात जीवही जाऊ शकतो.

अंग सावरलं की नवं निमित्त निघतं: ‘फक्त पोळ्याला’, ‘लग्नात तेवढी एक’. ही फरदड! एका जास्तीच्या वेच्यापायी पऱ्हाटी उभी ठेवली, की अळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. पुन्हा सांगतो, सोडणं वेगळं, बरं होणं वेगळं. कशासाठी पीत होतो, हे कुणापुढे तरी मोकळं बोलावं लागतं. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात 1986पासून हेच काम चाललंय. तिथं घरच्यांनाही सोबत घेतात, घरी गेल्यावरही पाठपुरावा ठेवतात.

  आता एवढं लिहून घ्या: टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416. फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. पिणाऱ्यानं नाही केला, तर घरच्यांनी करा. आणि उद्यापासून ‘कणकण आहे’ म्हणणं बंद करा.

नमस्कार.