म्हशीची ओळख

मंडळी, आम्ही मुंबईची, लालबागच्या चाळीतली माणसे. आमचे आजे-पणजे सातारा, रत्नागिरीकडून गिरणीत कामाला आले. १९८२ साली मोठा संप झाला. पुढे एकेक करून गिरण्या बंद पडल्या. आम्ही मात्र चाळीतच राहिलो. आमच्या मुलांना बस कळते, लोकल कळते. म्हैस ती चित्रात बघतात. दूध कोठून येते विचारा, म्हणतील, "पिशवीतून!"

आमच्या चाळीतला एक आठ वर्षांचा मुलगा मे महिन्यात गावी गेला. दारात म्हैस बघून रडत घरात पळाला. चुलत भावंडे हसली. पोराने ते मनाला लावून घेतले. "मी परत गावी जाणार नाही," म्हणू लागला. त्याच्या आजोबांना फार वाईट वाटले. नातवाने गाव तोडले, तर घर-जमीन कोणासाठी राखायची?

मग आम्ही दहा मुले आणि आजोबांना घेऊन निघालो. दादरला लोकल धरली, गोरेगावला उतरलो. तेथे आरे दूध वसाहत आहे. पूर्वी मुंबईच्या वस्तीतच तबेले होते. शेण, माशा, घाण! आटलेली म्हैस कसायाकडे जाई. म्हणून सरकारने १९४९ साली ही वसाहत उभारली. दारा खुरोडी यांनी त्यासाठी फार कष्ट घेतले. आजही तेथे तबेले आहेत.

तबेल्यातला गडी मुलांना म्हणाला, "मागून जाऊ नका. दचकली तर लाथ मारील. तिला दिसेल असे बाजूने या. आधी हात हुंगू द्या."

एक म्हैस बसून रवंथ करत होती. एका मुलीने विचारले, "समोर काही नाही, मग ही चावते काय?"

आजोबा म्हणाले, "अगं, ती आधी घाईने गिळते. मग निवांत बसून तेच तोंडात आणून चावते. आणि बघ, तिला वरचे पुढचे दातच नाहीत."

मुले वाकून बघू लागली.

धारेची वेळ झाली. गड्याने रेडकू सोडले. त्याने ढुशा दिल्या, तशी म्हैस पान्हावली. म्हैस सुमारे दहा महिने गाभण असते आणि व्याल्यावरच दूध देते, हे मुलांना तेव्हा कळले. "म्हणजे दूध रेडकाचं असतं?" एकाने विचारले. "होय बाबा," गडी म्हणाला, "त्याला पोटभर ठेवून मग आपण घ्यायचं."

आमचा तो मुलगा आजोबांच्या मागे उभा होता. आजोबांनी त्याला ओढले नाही. नुसता आपला हात म्हशीच्या मानेवर ठेवला. बऱ्याच वेळाने पोराने हात पुढे केला. म्हशीने हुंगला आणि चाटला. "जीभ खरखरीत आहे!" म्हणून तो खदखदा हसला. आजोबांनी डोळे पुसले.

निघताना सर्वांनी साबणाने हात धुतले. दूधही तापवूनच प्यालो.

मंडळी, यंदा तो गावी जायचे म्हणतो. अशी मुले तुमच्याकडेही येतील. भिली तर हसू नका. हात धरून बाजूने न्या, ओळख करून द्या. तुमचे मूल मुंबईत लोकलला भ्याले, तर आम्हीही त्याचा हात धरू.