कार्ल्याचा डोंगर कोणाचा?

मंडळी, लोणावळ्याजवळ कार्ल्याचा डोंगर आहे. पायथ्याला वेहेरगाव. पायऱ्या चढून वर गेलं की एकवीरा आईचं देऊळ लागतं. चैत्रात आईची जत्रा भरते. समुद्रकाठचे कोळी, आगरी बांधव पालखी घेऊन, वाजतगाजत येतात. देवळाला लागूनच मोठं लेणं आहे. ते बौद्धांचं. आत पूजेला दगडाचा स्तूप आहे. त्याला वंदन करायला बौद्ध उपासक येतात. दोघांच्या पायऱ्या एकच.

मग कोणी विचारतो, हा डोंगर खरा कोणाचा? यावर तावातावानं बोलणारे पुष्कळ. पण तिथं दगडावर काय लिहिलंय ते वाचणारे थोडे!

हे लेणं सुमारे २,००० वर्षांपूर्वी कोरलं. लांबी सुमारे १२४ फूट. हे काम एकट्या राजाच्या पैशानं झालेलं नाही. देणाऱ्यांची नावं खांबांवर, भिंतींवर ब्राह्मी लिपीत कोरली आहेत. ब्राह्मी म्हणजे आपल्या बाळबोध अक्षरांची खापरपणजीच. त्यांत वैजयंती नगरीचा भूतपाल शेठ आहे. धेनुकाकट गावचे यवन आहेत. तेव्हा ग्रीक लोकांना यवन म्हणत. त्याच गावचा सामी नावाचा सुतार आहे. दरवाज्याचं काम त्यानं केलं. शेठजींच्या बरोबरीनं सुताराचंही नाव दगडावर, हे आम्हांला फार आवडतं.

आणखी एक लेख आहे. तो नहपान राजाचा जावई उषवदात याचा. आधी तो सांगतो, देवांना आणि ब्राह्मणांना आपण १६ गावं दिली. मग सांगतो, पावसाळ्यात या लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या पोटापाण्यासाठी करजिक गाव दिलं. दोन्ही दानं एकाच लेखात! त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुढं इथले भिक्षू गेले. पण डोंगराची वाट मोडली नाही. आईच्या भक्तांनी ती चालू ठेवली. १९५६ साली नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली. महाराष्ट्रात लाखो लोक बौद्ध झाले. त्यांचीही पावलं लेण्यांकडं वळली.

एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो. अक्षरं आली म्हणून खांबावर आपलं नाव खरडू नका. तो कायद्यानं गुन्हा आहे. जुनं अक्षर एकदा पुसलं की गेलंच. वर गेलात तर आईचं दर्शन घ्या, स्तूपही पाहा. आणि सामी सुताराचं नाव कुठं आहे, ते एखाद्या माहीतगाराला जरूर विचारा.