एका कॅसेटची बी बाजू

(मंडळाच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला 'जुन्या आठवणी' या विषयावर वीस मिनिटं बोलायला सांगितलंय. आपल्याकडे या विषयावर कोणीही दोन तास बोलू शकतं, त्यामुळे वीस मिनिटांची अट घालणाऱ्याचं मी कौतुक करते. मी आज एकाच कॅसेटबद्दल बोलणार आहे. आणि आधीच सांगून ठेवते, ती भीमसेनांची नाही, गीतरामायणाची नाही, आणि तिच्यातली ए बाजू तुम्हाला कोणाला आवडण्याची शक्यता फार कमी आहे.

गेल्या वर्षी आम्ही क्वीन्समधलं घर विकलं. आम्ही म्हणजे मीच; आमचे हे जाऊन आता नऊ वर्षं झाली. बेसमेंट आवरताना थोरल्याच्या शाळेच्या वस्तूंचा एक खोका निघाला. त्यात बेसबॉलचा ग्लोव्ह, गुळगुळीत झालेलं चामड्याचं जाकीट, आणि एक कॅसेट. 'न्यूयॉर्क थ्रॅश', १९८२. कंपनीचं नाव आर-ओ-आय-आर. पोरं त्याचा उच्चार 'रोर' असा करायची. मी फोन करून चिरंजिवांना विचारलं, "हे टाकू का?" तर पलीकडून हा साठीला टेकलेला माणूस असा ओरडला, की मला वाटलं पुन्हा सोळा वर्षांचा झाला.

आता ही कॅसेट काय आहे, ते सांगते. नातीने मला बरंच वाचायला दिलं आणि बाकीचं चिरंजिवांनी न विचारता सांगितलं.

आपल्यातले बरेच जण सत्तरच्या दशकात एल्महर्स्ट, फ्लशिंग, जॅक्सन हाइट्समध्ये उतरलो. १९७७ साली फ्लशिंगला बाउन स्ट्रीटवर गणपतीचं देऊळ झालं, तेव्हा आपल्याला वाटलं, आता हे गाव आपलं झालं. त्याच वेळी, त्याच गल्ल्यांमध्ये, शेजारच्या घरांच्या बेसमेंटात पोरं गिटार घेऊन कान किटवत होती, त्याचा आपल्याला पत्ता नव्हता. क्राउट नावाचा बँड अ‍ॅस्टोरियाचा. हार्ट अटॅक नावाचा बँड क्वीन्सचाच, आणि त्याचा गायक जेसी मॅलिन तेव्हा जेमतेम चौदा-पंधरा वर्षांचा. बँडचं नाव हार्ट अटॅक! आपल्या वयाला शोभणारं नाव या पोरांनी आधीच घेऊन ठेवलं होतं. अ‍ॅड्रिनलिन ओ.डी. ही मंडळी आपल्या न्यू जर्सीची, निहिलिस्टिक्स लाँग आयलंडचे. या सगळ्या संगीताला 'हार्डकोर' म्हणायचे. गाणी एकेका मिनिटाची, फार तर दोन मिनिटांची. आपला गायक तंबोरा लावतो तेवढ्यात यांचे चार तुकडे वाजवून होतात.

ही पोरं जमायची मॅनहॅटनमध्ये, खाली ईस्ट व्हिलेजला. टॉम्पकिन्स स्क्वेअर पार्कच्या कोपऱ्यावर ए-सेव्हन नावाची एक खोलीवजा जागा होती. आणि बावरी रस्त्यावर सीबीजीबी. १९७३ साली हिली क्रिस्टल यांनी काढलेली, २००६ साली बंद पडली. तिथे रविवारी दुपारी या मुलांचे कार्यक्रम असत, म्हणजे दारू पिण्याचं वय नसलेल्यांनाही आत जाता येई. आमचा थोरला दर रविवारी रुझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूवरून एफ गाडी पकडून 'लायब्ररीत' जायचा. ही लायब्ररी बावरीवर होती, हे मला या वयात कळलं.

मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांना या आरडाओरडीत रस नव्हता. नील कूपर नावाच्या गृहस्थांनी १९७९ साली ही रोर कंपनी काढली आणि फक्त कॅसेटीच काढायच्या असं ठरवलं. १९७९ हेच वॉकमनचंही वर्ष. कॅसेट काढायला स्वस्त, टपालाने पाठवायला सोपी, आणि खिशात मावणारी. १९८२ साली त्यांनी शहरातले दहा-एक बँड गोळा करून ही 'न्यूयॉर्क थ्रॅश' काढली. तबकडी नाही, फक्त कॅसेट. पुढे तिची सीडी निघाली, आणि आता फोनवरही ती ऐकता येते. पण १९८२ची मूळ कॅसेट, कागदी वेष्टणासकट, शोधणारे लोक आहेत.

त्यातली दोन नावं पुढे फार मोठी झाली. एक बॅड ब्रेन्स. वॉशिंग्टनहून आलेली ही चार कृष्णवर्णीय मुलं आधी जॅझ फ्यूजन वाजवायची. मी त्यांचे दोन तुकडे ऐकले. आवडले असं म्हणणार नाही, पण एवढ्या वेगातही एकही जण लयीतून सुटत नाही. हात बसलेला माणूस कुठल्याही संगीतात ओळखू येतो, हे मी तबलजीची मुलगी म्हणून सांगते.

दुसरं नाव बीस्टी बॉइज. हे तेव्हा रॅप करत नव्हते. इतरांसारखाच आरडाओरडा करत होते, आणि ड्रमवर केट शेलनबाख नावाची मुलगी होती. त्यांचा पहिला कार्यक्रम झाला अ‍ॅडम याउकच्या सतराव्या वाढदिवशी, १९८१च्या ऑगस्टमध्ये, एका मित्राच्या घरी. म्हणजे आपण मुलांच्या वाढदिवसाला हॉल घेतो, तशातलाच प्रकार. १९८७ साली त्यांचा 'लायसन्स्ड टू इल' हा अल्बम बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलेला पहिला रॅप अल्बम ठरला. अ‍ॅडम याउक २०१२ साली कॅन्सरने गेला; सत्तेचाळीस वर्षांचा होता. तर ही सगळी मंडळी प्रसिद्ध व्हायच्या आधी आमच्या घरात होती, सॉक्सच्या खणात लपवलेली.

लपवण्याचं कारण आमचे हे. १९८३च्या उन्हाळ्यात थोरला डोक्याचा चकोट करून घरी आला. ह्यांनी वर्तमानपत्रातून मान वर केली, पाहिलं, आणि एवढंच विचारलं, "कोण गेलं?" त्यानंतर दोघांचं बोलणं बंद. मीठ हवं असेल तरी माझ्यामार्फत. हसताय तुम्ही, पण हे दीड वर्ष चाललं. ज्यांच्या घरात असं झालंय ते हसत नाहीयेत, तेही मला इथून दिसतंय.

त्या हिवाळ्यात सासूबाई वाईहून सहा महिन्यांसाठी आल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, ह्याला मराठी धड येत नव्हतं. त्यांनी आल्या आल्या त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "मुंजीतसुद्धा इतका छान केला नव्हता रे." संपलं. तेव्हापासून तो आजीच्या मागे मागे. आम्ही दोघं कामावर. दुपारी शाळेतून आल्यावर घरात ही दोघंच. काय बोलत असतील, असा मला प्रश्न पडायचा.

त्याचं उत्तर या कॅसेटवर सापडलं.

विकत मिळणाऱ्या कॅसेटला वरच्या कडेला दोन भोकं असतात, कोणी त्यावर चुकून रेकॉर्ड करू नये म्हणून. त्या भोकांवर चिकटपट्टी लावली की रेकॉर्ड करता येतं. आमच्या कॅसेटच्या एका भोकावर पिवळी पडलेली चिकटपट्टी होती. चिरंजिवांना आठवत नव्हतं. बी बाजूची गाणी संपल्यावर थोडी कोरी टेप उरते, तिथे त्याने आजीला रेकॉर्ड केलंय. शेवटच्या गाण्याचं शेपूट कापलं गेलंय, खट्ट असा आवाज येतो, आणि मग सासूबाईंचा आवाज. दळणाच्या ओव्या. मागे आमच्या एल्महर्स्टच्या किचनमधला रेडिएटर ठोके देतोय. मध्येच हा विचारतो, "आजी, जातं म्हणजे काय?" आणि त्या समजावून सांगतात, हाताने दाखवत असणार, कारण बांगड्यांचा आवाज येतो. तीन मिनिटं चाळीस सेकंद. टेप संपते ती ओवीच्या मध्येच.

सासूबाई १९८८ साली गेल्या. त्यांचा आवाज दुसरा कुठेही नाही. लग्नाच्या व्हिडिओतही नाही, तिथे फक्त बँड ऐकू येतो.

संग्राहकाच्या दृष्टीने ही कॅसेट खराब झालेली आहे. एका दुकानदाराने तसं तोंडावर सांगितलं. मी म्हटलं, बरं.

आता थोडं तांत्रिक, कारण हे ऐकायलाच मी तुम्हाला इथे बसवून ठेवलंय. कॅसेटची टेप चार मिलिमीटरपेक्षाही अरुंद असते आणि सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या वेगाने सरकते. प्लॅस्टिकच्या पट्टीवर लोखंडाच्या गंजासारखी भुकटी डिंकाने बसवलेली, एवढाच तो प्रकार. दमट बेसमेंटात तो डिंक सुटतो. टेपच्या मागे फेल्टची इवलीशी गादी असते, तीही निखळते. आमची निखळली होती. म्हणून जुनी कॅसेट सापडली की उत्साहाने जुन्याच प्लेअरमध्ये घालून बटण दाबू नका. त्या प्लेअरचे रबरी पट्टे वितळून डांबर झालेलं असतं आणि तो टेप खातो. आमची टेप माहितगार माणसाने नव्या कवचात बसवली, एकदा पुढे-मागे सावकाश गुंडाळली, वाजवण्याचं हेड तिच्याशी जुळवून घेतलं आणि मग संगणकावर उतरवली. तेही एमपी-थ्री नाही. पूर्ण आकाराची फाइल, चोवीस बिटची. आवाज साफ करायचा तर प्रतीवर करा, मूळ फाइल तशीच ठेवा. रेडिएटरसकट.

तिकडे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी फिरून दळणाच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. 'परी'च्या संग्रहात आज त्या वाचता येतात, काही ऐकताही येतात. इकडे त्या ईस्ट व्हिलेजच्या मंडळींची हस्तपत्रकं आणि कागद न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या फेल्स लायब्ररीत जपून ठेवलेत. सोळा वर्षांच्या पोरांनी फोटोकॉपीवर काढलेले कागद! आणि आपल्या मंडळाच्या पहिल्या पंधरा वर्षांच्या कॅसेटी? नाटकं, गणपतीतली गाणी, भारतातून आलेल्या पाहुण्यांची भाषणं? मी चौकशी केली. एका माजी अध्यक्षांच्या गॅरेजमध्ये दोन खोके आहेत. एक खोका घर बदलताना गेला. बाकीचं कोणाला माहीत नाही. आपण चाळीस वर्षं दर सर्वसाधारण सभेत जेवणाच्या कंत्राटावर भांडलो, यावर एकदाही नाही. २००८ पासून 'साडा' नावाची संस्था अमेरिकेतल्या दक्षिण आशियाई लोकांचे कागद, फोटो, आवाज डिजिटल रूपात जमा करते. त्यांच्याकडे आपल्याला जाता येईल. पण आधी जमवायला तर हवं.

थोरल्याला मी ती फाइल पाठवली, त्याचा दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आई, बाबांनी हे ऐकलं होतं?" मी म्हटलं, नाही. ते खरंच आहे. दोघांचं बोलणं पुढे सुरू झालं, त्याच्या लग्नात तर ह्यांनी डोळे पुसले. पण हे त्यांनी ऐकलं नाही.

असो. आता मी ती तीन मिनिटं चाळीस सेकंद लावणार आहे. त्याआधीचं अर्ध मिनिट गाणंही येईल, घाबरू नका. आणि दाराशी टेबलावर एक वही ठेवलीय. कोणाच्या घरी कुठल्या सालच्या कॅसेटी आहेत, एवढंच लिहा. वाजतात की नाही ते लिहायची गरज नाही. माझा नातू आणि त्याचे दोन मित्र घरी येऊन घेऊन जातील. त्यातल्या एकाचं डोकं चकोट आहे, दार उघडताना दचकू नका.

लाव रे.