अंतर राखावे, दुरावा नसावा
(साथीच्या काळातील एकाकी माणसे आणि ख्रिस्ती सेवाविचार या विषयावरील भाषणाचा मजकूर)



रोगाची साथ ही केवळ वैद्यकीय घटना नसते. ती माणसाच्या शरीरावर आघात करते, आणि पुष्कळदा त्याच्याही आधी माणसामाणसांतील संबंधांवर घाव घालते. जागतिक आरोग्य संघटनेने 11 मार्च 2020 रोजी कोविड-19 ही जागतिक महासाथ असल्याचे जाहीर केले. 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. रोग्याला वेगळे ठेवणे शास्त्राला धरून होते आणि अपरिहार्यही होते. परंतु विलगीकरण कोठे संपते आणि परित्याग कोठे सुरू होतो, ही सीमारेषा त्या काळात अनेक ठिकाणी पुसली गेली. रोगी बरा होऊन घरी परतला, तरी शेजारचे दार उघडले नाही. मुले परगावी अडकली आणि वृद्ध आईवडील गावी एकटे राहिले. कित्येकांना आपल्या माणसाचे अखेरचे दर्शनही झाले नाही.

5 मे 2023 रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याची घोषणा झाली. एकाकीपणाची आणीबाणी मात्र संपलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालानुसार जगातील दर सहा माणसांमागे एक माणूस एकाकीपणाने ग्रासलेला आहे, आणि त्याच्याशी निगडित मृत्यूंची संख्या वर्षाला सुमारे 8 लाख 71 हजार इतकी आहे. म्हणजेच हा प्रश्न निव्वळ भावनेचा नसून सार्वजनिक आरोग्याचा आहे. त्याचा विचार करताना ख्रिस्ती परंपरेने साथीच्या दिवसांत घेतलेले अनुभव उद्बोधक ठरतात. त्या परंपरेत जसे धैर्य आहे तसा विवेकही आहे, आणि क्वचित झालेल्या चुकाही आहेत. या तिन्हींपासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

भेटीचे मोल

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात अंतिम न्यायाचे चित्र आहे. तेथे माणसाची पारख त्याच्या विद्वत्तेवरून अथवा संपत्तीवरून होत नाही. भुकेल्याला अन्न दिले काय, परक्याला आसरा दिला काय, आजाऱ्याचा समाचार घेतला काय, एवढेच विचारले जाते. आजाऱ्याला बरे केले काय, असा प्रश्न तेथे नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. बरे करणे सर्वांच्या हाती नसते. समाचार घेणे मात्र प्रत्येकाला साधण्यासारखे आहे.

लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोनीची कथा सर्वश्रुत आहे. वाटेत घायाळ होऊन पडलेल्या माणसाची जात वा धर्म त्या प्रवाशाने विचारला नाही. त्याने जखमा बांधल्या, त्याला धर्मशाळेत नेले, आणि निघताना त्याच्या पुढील खर्चाचीही तरतूद केली. निरपेक्षता आणि सातत्य हे या सेवेचे दोन गुण होत. मदतीच्या मोबदल्यात काही मागितले की ती मदत राहत नाही, आणि एकदाच करून विसरली गेलेली मदत एकाकी माणसाला अधिकच एकाकी करते.

व्हिटेनबर्गमधील विवेक

1527 च्या ऑगस्ट महिन्यात जर्मनीतील व्हिटेनबर्ग नगरात प्लेगचा शिरकाव झाला. विद्यापीठ येना येथे हलविण्यात आले. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनाही नगर सोडून जाण्याविषयी राजाज्ञा झाली होती. परंतु ते गेले नाहीत. पत्नी कॅथरिना गर्भवती असतानाही त्यांनी आपल्या घरात आजाऱ्यांना ठेवून घेतले. जीवघेण्या साथीपासून पळून जाणे योग्य की अयोग्य, अशी विचारणा ब्रेस्लाऊ येथील धर्मोपदेशकांनी त्यांच्याकडे केली होती. त्याला त्यांनी दिलेले उत्तर त्याच वर्षी पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाले.

या उत्तरातील विचार साडेचारशेहून अधिक वर्षांनंतरही ताजा वाटतो. मृत्यूची भीती वाटणे आणि जीव वाचविण्याची इच्छा असणे हे पाप नाही, असे ल्यूथर यांनी स्पष्ट केले. ज्याच्यावाचून कोणाचे अडत नाही, त्याने खुशाल सुरक्षित स्थळी जावे. पण ज्याच्याकडे इतरांची जबाबदारी आहे त्याला ती टाकून जाता येणार नाही. त्यांनी धर्मोपदेशकांबरोबर नगराध्यक्ष, न्यायाधीश आणि अन्य अधिकारी यांचाही स्पष्ट निर्देश केला, ही गोष्ट लोकप्रतिनिधींनी व शासकीय सेवकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

त्याचबरोबर औषध न घेणाऱ्या आणि खबरदारी झुगारून देणाऱ्या माणसांनाही त्यांनी खडसावले. असे वागणे म्हणजे श्रद्धा नव्हे, तर ईश्वराची परीक्षा पाहणे होय, अशी त्यांची भूमिका होती. घर धुरी देऊन शुद्ध करावे, औषध घ्यावे, जेथे आपली गरज नाही तेथे विनाकारण जाऊ नये. मात्र शेजाऱ्याला आपली गरज भासली तर जाण्यास कचरू नये. सावधगिरी आणि सेवा यांत विरोध नाही, हे तत्त्व सूक्ष्म जंतूंचा शोध लागण्यापूर्वीच मांडले गेले, ही विशेष गोष्ट होय.

मिलानच्या खिडक्या

1576 मध्ये इटलीतील मिलान शहरावर प्लेगचे संकट कोसळले. अनेक श्रीमंत व मानकरी शहर सोडून गेले. आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ मात्र तेथेच राहिले. गरिबांना वस्त्रे पुरावीत म्हणून त्यांनी आपल्या निवासस्थानातील पडदे उतरवून त्यांचे कपडे शिवून घेतले. त्या वर्षाच्या अखेरीस नगरवासीयांना घरातच राहण्याचा आदेश निघाला. चर्चमध्ये जाता येईना, शेजाऱ्याकडे जाता येईना. आजारापेक्षा एकटेपणाच असह्य व्हावा अशी परिस्थिती निर्माण झाली.

बोरोमिओ यांनी यावर काढलेला मार्ग साधा होता. चौकाचौकांत वेद्या उभारण्यात आल्या, म्हणजे घराच्या खिडकीतून उपासना पाहता येईल. दिवसातून ठरावीक वेळी घंटा वाजत. घंटा झाली की लोक दारांत आणि खिडक्यांत येत, आणि रस्त्याच्या एका बाजूने म्हटलेल्या प्रार्थनेला दुसऱ्या बाजूने उत्तर देत. धर्मगुरू दारोदार फिरून बंद दाराबाहेरून विचारपूस करीत. रोग्यांसाठी असलेल्या लाझारेट्टो या विशाल इमारतीच्या चौकात पुढे जे प्रार्थनामंदिर बांधण्यात आले, तेही चहूबाजूंनी मोकळे ठेवले होते. सभोवतालच्या खोल्यांतील रोग्याला आपल्या दारातूनच ते दिसावे, हा त्यामागील हेतू होता. दार बंद असले तरी माणूस समाजात राहू शकतो, हे मिलानने दाखवून दिले.

याच काळात बोरोमिओ यांनी प्रायश्चित्ताच्या मिरवणुकाही काढल्या. आजच्या वैद्यकीय ज्ञानाच्या कसोटीवर त्या धोक्याच्याच होत्या. म्हणून मिलानपासून घंटा आणि खिडक्या घ्याव्यात, गर्दी घेऊ नये. चांगल्या हेतूलाही शास्त्राची जोड लागते.

ऐकून घेणारा माणूस

विसाव्या शतकात दूरध्वनीने या सेवेला नवे साधन दिले. लंडनमधील सेंट स्टीफन वॉलब्रुक या चर्चचे धर्मगुरू चॅड व्हारा यांनी 1953 मध्ये निराशेच्या गर्तेत सापडलेल्या माणसांसाठी एक दूरध्वनी सेवा सुरू केली. तीच पुढे ‘समॅरिटन्स’ या नावाने प्रसिद्ध झाली. त्यांना भेटण्यासाठी येणाऱ्या लोकांना काही वेळ बाहेर थांबावे लागे. तेथे मदतीला आलेले सामान्य स्वयंसेवक त्यांना चहा देत आणि त्यांचे बोलणे ऐकून घेत. अनेकांचे मन तेवढ्यानेच हलके होई, आणि मग तज्ज्ञ सल्ल्याची त्यांना गरजच उरत नसे. हे पाहून व्हारा यांनी ऐकून घेण्याचे काम स्वयंसेवकांवरच सोपविले. उपदेश न करता, घाई न करता ऐकून घेणे ही स्वतंत्र सेवा आहे, हे त्यातून सिद्ध झाले.

2020 च्या महासाथीत हा धागा पुन्हा हाती घेण्यात आला. चर्चची दारे बंद होती आणि उपासना इंटरनेटवरून होत होती. पण ज्या वृद्धांकडे इंटरनेट नव्हते त्यांचे काय? त्यांच्यासाठी इंग्लंडमध्ये एप्रिल 2020 मध्ये ‘डेली होप’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा सुरू झाली. साध्या फोनवरून प्रार्थना व भक्तिगीते ऐकण्याची त्यात सोय होती. पोप फ्रान्सिस यांनी 2021 मध्ये आजी-आजोबा व वृद्धांसाठी जागतिक दिन सुरू केला. तो पहिल्यांदा 25 जुलै 2021 रोजी पाळण्यात आला. त्या दिवशी एकाकी वृद्धांना भेटावे, आणि प्रत्यक्ष जाणे शक्य नसल्यास संपर्कसाधनांच्या द्वारे भेटावे, असे कॅथलिक चर्चने आपल्या अनुयायांना आवर्जून सांगितले.

महाराष्ट्राच्या संदर्भात

ही वृत्ती कोणत्याही एका धर्माची मिरासदारी नाही. 1897 च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात रोग्यांची शुश्रूषा केली, आणि त्याच रोगाने 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले. ज्यांच्याजवळ जाण्यास इतर लोक धजत नव्हते त्यांच्याजवळ त्या गेल्या. परंपरा निरनिराळ्या असतील, पण माणुसकीची हाक एकच आहे.

सप्टेंबर 2020 मध्ये राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम हाती घेण्यात आली. पथके घरोघर गेली, तापमान आणि प्राणवायूची पातळी नोंदविली गेली. घराघरांत पोहोचण्याची शक्ती आपल्या ग्रामीण यंत्रणेत आहे, हे यावरून स्पष्ट होते. त्याच नोंदवहीत आणखी एक रकाना असावयास हवा: या घरात एकटे कोण राहते, आणि त्याची विचारपूस कोण करते? आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांना गावातील अशी घरे तोंडपाठ असतात. गरज आहे ती या माहितीला कर्तव्याची जोड देण्याची.

साथीनंतरच्या एकाकीपणाकडेही दुर्लक्ष होता कामा नये. कोविडने अनेक तरुण स्त्रियांच्या कपाळी वैधव्य आणले. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि इतर गावांनीही त्याचे अनुकरण करावे असे आवाहन शासनाने त्याच महिन्यात केले. दुःखात असलेल्या स्त्रीला समारंभातून बाजूला सारणे हेही एक विलगीकरणच होते, आणि त्याला कोणत्याही शास्त्राचा आधार नव्हता. एका गावाने ते दूर करण्याचे पाऊल उचलले, यातून ग्रामसभेचे सामर्थ्य दिसून येते.

या सर्व अनुभवांतून काही व्यवहार्य सूचना निघतात. प्रत्येक वस्तीत एकट्या राहणाऱ्या व्यक्तींची यादी असावी आणि दोन-दोन घरांनी एकेका व्यक्तीची जबाबदारी घ्यावी. भेटीचा अथवा फोनचा वार व वेळ ठरलेली असावी, कारण वाट पाहण्यासारखे काही असणे हाच एकाकी माणसाचा मोठा आधार असतो. मिलानची घंटा हेच काम करीत होती. साथ असताना ओट्याखाली उभे राहून, मुखपट्टी लावून बोलावे, पण बोलावे. शाळेतील मुलांनी आजी-आजोबांना पत्रे लिहावीत. दुःख फार खोल गेलेले दिसल्यास केंद्र शासनाने 2022 मध्ये सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ या 14416 क्रमांकाच्या सेवेची, आणि ज्येष्ठांच्या बाबतीत ‘एल्डरलाइन’ 14567 या सेवेची माहिती द्यावी व पहिला फोन लावून द्यावा.

मदत घेणाऱ्याला ओशाळे वाटणार नाही, याची काळजी घेणेही तितकेच अगत्याचे आहे. एकाकी माणसाला दयेपेक्षा सहवास हवा असतो. त्याच्याकडून एखादी जुनी हकिकत ऐकावी, पीकपाण्याविषयी सल्ला विचारावा, नातवंडांच्या वयाच्या मुलांना त्याच्याकडून गोष्टी ऐकवाव्यात. आपलाही कोणाला उपयोग आहे ही जाणीव औषधाइतकीच गुणकारी असते.

पुढची साथ केव्हा येईल हे सांगता येत नाही. ती आली म्हणजे पुन्हा अंतर राखावे लागेल, दारे पुन्हा बंद होतील. त्या वेळी कोणत्या दारावर थाप द्यावयाची हे आधीच ठाऊक असलेले गाव संकटातून अधिक सुखरूप बाहेर पडेल. ती यादी करण्यास निधी लागत नाही की मंजुरी लागत नाही. येत्या ग्रामसभेपूर्वी प्रत्येक सदस्याने आपल्या प्रभागातील अशा एका घरी जाऊन यावे, एवढ्याने या कामाचा आरंभ होईल.