हात मागे ठेवण्याचे काम



आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. वडील मुंबईस गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात घर बसले ते बसलेच, आणि पुढचे शिक्षण आम्ही वाचनालयाच्या बाकावर जमेल तसे केले. तेव्हा या व्यासपीठावर येऊन गेलेल्या विद्वानांच्या पंक्तीला आम्ही बसतो, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. आमच्या पत्नी परिचारिका. इंग्लंडातील सरकारी रुग्णालयांना परिचारिका हव्या होत्या, म्हणून त्या तिकडे गेल्या. त्यांच्या मागोमाग आम्ही गेलो आणि वृद्धांच्या पुनर्वसन-कक्षात मदतनीस म्हणून लागलो. आपल्याकडे रुग्णालयात ज्यांना 'मावशी' आणि 'मामा' म्हणतात, त्यांचेच हे काम. युनियनचे काम तिथेच अंगाला चिकटले.

आता पुनर्वसन-कक्ष म्हणजे काय? पंच्याऐंशी वर्षांची बाई न्हाणीघरात पाय घसरून पडते. खुब्याचे हाड मोडते, शस्त्रक्रिया होते, हाड सांधते. परंतु हाड सांधले म्हणजे बाई घरी जाण्याजोगी झाली, असे मुळीच नव्हे. खुर्चीतून उठावयाचे कोणी? रात्री संडासाला जावयाचे कसे? हे पुन्हा शिकण्यासाठी काही आठवडे जिथे मिळतात, तो हा कक्ष.

ही कल्पना फार जुनी नाही. 1935 साली लंडनच्या पश्चिमेस वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाने शेजारच्या दरिद्रालयाचा दवाखाना ताब्यात घेतला, तेव्हा तिथले 714 रुग्ण डॉ. मार्जोरी वॉरेन यांच्या वाट्याला आले. त्यांत वर्षानुवर्षे खाटेला खिळलेली म्हातारी माणसे पुष्कळ; बरी व्हायची नाहीत म्हणून सोडून दिलेली. या बाईंनी एकेकाला नीट तपासले, उठवले, चालवले, आणि कित्येकांना घरी पाठवले. म्हातारपण हा रोग नव्हे, आणि खाट हे औषध नव्हे, हे त्यांनी करून दाखवले. पुढे 2007 साली अमेरिकेत निरोगी वृद्धांना दहा दिवस नुसते खाटेवर झोपवून मोजमाप घेतले, तो पायांचे मांस सुमारे एक किलोने घटलेले! निरोगी माणसांची ही गत, मग आजाऱ्याची काय सांगावी?

म्हणून आमच्या कामाची पहिली शिकवण उलटी आहे. नव्या मदतनिसाला वाटते, सेवा म्हणजे करून देणे. तोंड पुसा, मोजे चढवा, चमचा भरवा. आम्ही त्याला सांगतो, ओला रुमाल रुग्णाच्या हातात दे आणि स्वतःचे हात पाठीमागे बांध. तोल जाताना दिसला तरच पुढे हो. सदरा आम्ही घातला तर दोन मिनिटे. आजोबांनी स्वतः घातला तर वीस. ती वीस मिनिटे उभे राहणे हेच काम. आणि बंधूंनो, हे होइस्टने माणूस उचलण्याहून अवघड आहे, कारण शेजारच्या खाटेवरची घंटा वाजत असते.

एका हिवाळ्यात आमच्या कक्षात अठ्ठावीस खाटा भरलेल्या, आणि आमच्यातले दोघे आजारी. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. अर्धांगाने डावा हात गेलेला. उजव्या हाताने गुंड्या लावायला ते शिकत होते, तीनपर्यंत मजल गेली होती. आम्हांला वेळ नव्हता. त्यांचा सदरा आम्ही घातला. दुसऱ्या दिवशीही घातला. असे तीन आठवडे गेले. मग डॉक्टर, व्यायामतज्ज्ञ, समाजसेविका यांची नेहमीची बैठक झाली, आणि आमच्याच नोंदवहीतून वाचले गेले : 'कपडे — दुसऱ्याच्या मदतीने.' घरी एकटा राहणारा माणूस. त्यांना वृद्धाश्रमात पाठवायचे ठरले. सगळा दोष सदऱ्याचा होता असे आम्ही म्हणत नाही. निघताना त्यांनी एवढेच विचारले, "तिथे सदरा घालायला तू येणार का रे?"

आम्ही गेलो नाही. अठ्ठावीस खाटा होत्या.

आता पगाराचे सांगतो, कारण त्यासाठी भांडण्यात आमची उमेद खर्च झाली. 2004 पासून तिथल्या पगाराला 'बँड' नावाच्या पायऱ्या आहेत. अंघोळ, कपडे, खाणे-पिणे ही दुसरी पायरी. रक्त काढणे, रक्तातली साखर पाहणे, हृदयाचा आलेख काढणे ही तिसरी. 2021 साली हे कागदोपत्री अधिक स्पष्ट झाले. परंतु गावोगावच्या रुग्णालयांत मदतनीस वर्षानुवर्षे काम तिसऱ्या पायरीचे करीत आणि पगार दुसऱ्या पायरीचा घेत. 2023 साली आणि त्यानंतर यासाठी ठिकठिकाणी संप झाले. आमच्या रुग्णालयात आम्ही संपापूर्वी वह्या वाटल्या. प्रत्येकाने चार आठवडे लिहावे : कोणाचे रक्त काढले, किती वाजता, कोणाच्या सांगण्यावरून. त्या वह्या मेजावर पडल्या तेव्हा साहेब लोकांना बोलायला जागा उरली नाही. पायरी मिळाली. मागील थकबाकी कोणत्या तारखेपासून, यावर मात्र पुष्कळ ताणले गेले.

आपल्याकडेही काही निराळे नाही. ब्यूरोतून बारा तासांसाठी येणारी बाई आपल्यापैकी कित्येकांच्या घरी असेल. आजोबा स्वतः सदरा घालत आहेत आणि बाई शेजारी उभी आहे, हे दिसले की घरची मंडळी म्हणतात, हिला पैसे कशाचे देतो? आमच्या आईसाठी बाई ठेवली तेव्हा आम्हीही फोनवरून हेच बोललो होतो. लपवीत नाही.

वह्या वाटल्या त्या सभेत मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. कक्षात वीस वर्षे काढलेल्या. त्या म्हणाल्या, "सुई टोचली की लिहायचे, हे कळले. पण मी वीस मिनिटे हात मागे बांधून उभी राहिले आणि त्या आजींनी स्वतःचे केस विंचरले, हे कोणत्या रकान्यात लिहू?"

वहीत रकाने आम्हीच आखले होते. आम्ही त्यांना म्हणालो, "तेवढे सोडून द्या."