नाम, निक्षेप आणि बिरुदे



घरात बालक जन्माला आले की बाराव्या दिवशी पाळणा बांधला जातो, आत्या त्याच्या कानाशी लागते आणि त्या क्षणापासून त्या जीवाला या जगात एक नाव मिळते. हा विधी किती जुना आहे हे पाहावयाचे असेल तर आचार्य जिनसेनांचे आदिपुराण उघडावे. गर्भान्वय क्रियांमध्ये त्यांनी नामकर्माला स्थान दिले असून भगवंतांच्या एक हजार आठ नामांमधून बालकाचे नाव निवडावे, असा मार्ग सांगितला आहे. त्यासाठी घटपत्रविधी आहे. नावे पत्रांवर लिहून घटात टाकावयाची आणि त्यातून जे पत्र हाती येईल ते नाव ठेवावयाचे. पित्याची हौस नाही, आजोबांचा आग्रह नाही. घटातून जे नाव निघाले ते त्या बालकाचे. हल्ली नावांची पुस्तके चाळून, राशीचे आद्याक्षर शोधून, शेजाऱ्यांच्या मुलाचे नसेल असे नाव काढण्यात जे दिवस जातात, त्यांच्याशी हा साधा विधी ताडून पाहण्यासारखा आहे.

परंतु नावाचा विचार जैन परंपरेने पाळण्यापाशीच थांबविला नाही. आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राच्या पहिल्याच अध्यायात नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव असे चार निक्षेप सांगितले आहेत. शब्द आणि वस्तू यांचा संबंध किती प्रकारांनी जुळतो, याचे हे विवेचन आहे. त्यासाठी आचार्यांनी घेतलेले उदाहरण प्रत्येक स्वाध्यायी श्रावकाला ठाऊक असते, ते इंद्राचे. एखाद्या गरीब घरच्या मुलाचे नाव इंद्र ठेवले तर तो नामनिक्षेपाने इंद्र झाला. तेथे इंद्राच्या गुणांची अपेक्षाच नाही. पाषाणाच्या मूर्तीत किंवा चित्रात 'हा इंद्र' अशी कल्पना केली तर तो स्थापनेने इंद्र. बुद्धिबळाच्या लाकडी सोंगटीला राजा म्हणतो तेव्हाही स्थापनाच असते, फक्त तेथे आकाराचे साम्य नसते. उद्या इंद्र होणार असलेला जीव द्रव्याने इंद्र. आणि स्वर्गात प्रत्यक्ष ऐश्वर्य भोगीत असलेला तो भावाने इंद्र. शब्द एकच, परंतु चार ठिकाणी त्याचे मोल चार प्रकारचे.

पंचकल्याणक प्रतिष्ठेच्या मांडवात हे चारही निक्षेप आठवावेत. बोली पूर्ण होते, मुकुट चढतो आणि कालपर्यंत अडत दुकानाच्या गादीवर बसणारे गृहस्थ पाच दिवसांपुरते सौधर्म इंद्र होतात. यात गैर काही नाही. पूजाविधीला ती स्थापना आवश्यकच आहे. पण मांडव उतरल्यावरही काहींचा मुकुट उतरत नाही, आणि मग निक्षेपांत घोटाळा होतो.

तीर्थंकरांची नावे कशी पडली, हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. श्वेतांबर परंपरेतील आवश्यकनिर्युक्तीमध्ये त्यांची कारणे दिलेली आढळतात आणि त्यातील बहुतेक कारणे मातेशी निगडित आहेत. मातेने स्वप्नात प्रथम वृषभ पाहिला म्हणून ऋषभ. गर्भावस्थेत माता द्यूतात अजिंक्य राहिली म्हणून अजित. एका बालकासाठी भांडणाऱ्या दोन स्त्रियांचा न्याय मातेने अचूक बुद्धीने केला म्हणून सुमती. राज्यातील रोगराई शमली म्हणून शांती. रात्रीच्या अंधारात शय्येच्या पार्श्वभागी सरपटणारा सर्प मातेला दिसला म्हणून पार्श्व. अखिल जगताला वंद्य ठरलेली ही नावे अशा घरगुती आठवणींतून उगवली, असे परंपरा सांगते.

भगवान महावीरांच्या बाबतीत मात्र एक नाव पुरले नाही. गर्भात आल्यापासून कुळाचे धनधान्य वाढले म्हणून माता-पित्यांनी वर्धमान हे नाव ठेवले. संजय आणि विजय या दोन चारण मुनींची शंका त्यांच्या केवळ दर्शनाने मिटली, तेव्हा ते सन्मती झाले. दिगंबर परंपरेत वीर, अतिवीर, महावीर, सन्मती आणि वर्धमान ही पाच नावे प्रसिद्ध आहेत. बौद्धांच्या पाली ग्रंथांत मात्र यातील एकही नाव नाही. तेथे ते निगंठ नातपुत्त म्हणजे ज्ञातृकुळातील निर्ग्रंथ म्हणून ओळखले जातात. परक्यांनी कुळ आणि व्रत पाहिले, आपल्यांनी गुण पाहिले. आणि ज्या मंत्राने प्रत्येक जैनाचा दिवस उगवतो, त्या णमोकार मंत्रात महावीरांचेच काय, कोणत्याही व्यक्तीचे नाव नाही. अरिहंत, सिद्ध, आचार्य, उपाध्याय आणि साधू ही पाचही पदे आहेत.

मंदिरातील मूर्तींकडे पाहिले तरी हाच विचार पुढे येतो. पद्मासन तेच, नासाग्र दृष्टी तीच. पार्श्वनाथांचा फणा आणि ऋषभदेवांच्या खांद्यावर रुळणाऱ्या जटा सोडल्या तर चोवीस जिनांच्या मुखात भेद करता येत नाही. आसनाखाली कोरलेला बैल, हत्ती, हरिण किंवा सिंह पाहूनच मूर्तीचे नाव कळते. लांछन झिजले की नावही गेले.

नाव व्यक्तीपासून निघून कोठे कोठे जाऊन पोहोचते, याचे सर्वांत उद्बोधक उदाहरण श्रवणबेळगोळचे आहे. गावाच्या नावातील बेळ म्हणजे पांढरे आणि कोळ म्हणजे तळे. श्रमणांचे धवल सरोवर. तेथील विंध्यगिरीवर गंग राजांचे सेनापती चावुंडराय यांनी इ.स. 981 च्या सुमारास बाहुबलींची सुमारे 57 फुटांची मूर्ती घडविली. मूर्ती बाहुबलींची, पण तिला जग ओळखते गोम्मटेश्वर या नावाने. पुराणांत बाहुबलींना हे नाव नाही. मग ते आले कोठून?

काही विद्वानांनी, विशेषतः कन्नड कवी-संशोधक गोविंद पै यांनी, बाहुबली हे कामदेव मानले गेल्यामुळे मन्मथ या शब्दापासून गोम्मट शब्द झाला, असे मत मांडले होते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दीर्घकाळ अध्यापन केलेले डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये (1906–1975) यांना ती व्युत्पत्ती पटली नाही. त्यांनी नेमिचंद्राचार्यांच्या ग्रंथाकडे लक्ष वेधले. चावुंडरायांसाठी रचलेल्या त्या ग्रंथाला गोम्मटसार म्हणतात आणि तेथे गोम्मट हे खुद्द चावुंडरायांचेच नाव म्हणून येते. गोम्मट हे त्यांचे घरगुती नाव असावे आणि गोम्मटाचा जो ईश्वर तो गोम्मटेश्वर, असा उपाध्ये यांचा निष्कर्ष होता. राजराज चोळाने बांधलेल्या तंजावरच्या मंदिरातील देव जसा राजराजेश्वर झाला, तसेच हे. गोम्मट शब्दाचा अर्थ शोधण्यासाठी त्यांना दूर जावे लागले नाही. मराठी आणि कोकणीत तो शब्द जिवंत आहे. गोरागोमटा म्हणताना जो गोमटा आपण उच्चारतो, तोच हा गोम्मट, म्हणजे सुंदर, देखणा. उपाध्ये यांचा पक्ष अधिक बळकट वाटतो, कारण त्याला ग्रंथाचा थेट आधार आहे. केवळ ध्वनीच्या साम्यावर तो उभा नाही.

पुढची गंमत अशी की हे नाव तेथेच थांबले नाही. कारकळला 1432 मध्ये आणि वेणूरला 1604 मध्ये बाहुबलींच्या महामूर्ती उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांनाही गोम्मटेश्वर हेच नाव मिळाले. त्यांच्या निर्मात्यांचा चावुंडरायांच्या घराशी काही संबंध नव्हता. एका सेनापतीला घरी ज्या लाडक्या नावाने हाक मारली जाई, ते पाच-सहाशे वर्षांत महामूर्तींचे सामान्यनाम होऊन बसले. आणि त्याच सेनापतीची शौर्याने मिळविलेली समरधुरंधर, वीरमार्तंड, रणरंगसिंग ही बिरुदे आज शिलालेखांच्या अभ्यासकांखेरीज कोणाला आठवत नाहीत. विनोदातही असत्य न बोलल्यामुळे मिळालेले सत्ययुधिष्ठिर हे बिरुदही विस्मृतीत गेले. मूर्तीच्या पायाशी नागरी लिपीत कोरलेल्या, मराठीच्या अतिप्राचीन लेखांत गणल्या जाणाऱ्या ओळींत तर कर्त्याचे केवळ नाव आहे. बिरुद एकही नाही.

मुनिदीक्षेत जुने नाव गळते, हे सर्वश्रुत आहे. भोज गावचे सातगोंडा पाटील दीक्षेनंतर शांतिसागर झाले. 1924 मध्ये समडोळीला आचार्यपद मिळाल्यावर आणि पुढे चारित्रचक्रवर्ती ही पदवी लाभल्यावर पाटीलकी कोणाच्या ध्यानीमनीही राहिली नाही. धंधुक्याचा चांगदेव दीक्षेनंतर सोमचंद्र आणि सूरिपदानंतर हेमचंद्र झाला. कुंदकुंदाचार्यांचे दीक्षानाम पद्मनंदी असूनही ते गावाच्या नावाने अमर झाले. ते कोंडकुंद गाव म्हणजे आंध्रातील कोनकोंडला होय. भट्टारकपीठांची रीत याहून निराळी. कोल्हापूरच्या पीठावर जे बसतील ते लक्ष्मीसेन, नांदणीच्या पीठावर जिनसेन, श्रवणबेळगोळला चारुकीर्ती. 2023 मध्ये तेथील चारुकीर्ती स्वामीजींचे देहावसान झाले आणि पीठावर पुन्हा चारुकीर्तीच आले. व्यक्ती बदलते, नाव बसूनच असते. यामुळे इतिहासलेखकांची मात्र तारांबळ होते. हरिवंशपुराण इ.स. 783 मध्ये पूर्ण करणारे जिनसेन वेगळे, आदिपुराणकार जिनसेन वेगळे, आणि पीठावरचे तर कितीतरी.

आडनावांचा विस्तार येथे करावयास नको. ओसवाल ओसियाचे, खंडेलवाल खंडेल्याचे, बघेरवाल बघेऱ्याचे. दोशी म्हणजे कापडाचा व्यापारी. संघवी आणि संघई म्हणजे स्वखर्चाने यात्रेचा संघ काढणाऱ्या संघपतीचे वंशज. उपाध्ये म्हणजे गावच्या बस्तीचा पूजाविधी सांभाळणारे घराणे. एकेकाळी कोणीतरी काही केले म्हणून नाव मिळाले आणि पुढे कोणी काही न करताही ते चालू राहिले. गावांच्या नावांचेही असेच. 2023 मध्ये उस्मानाबादचे अधिकृत नाव धाराशिव झाले, तेव्हा अनेकांना ते नवे वाटले. पण गावाशेजारच्या प्राचीन जैन लेण्यांना पूर्वीपासून धाराशिवच म्हणत आले आहेत.

बिरुदांविषयी मात्र थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. नेमिचंद्राचार्यांना सिद्धांतचक्रवर्ती म्हणत, ते का, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. चक्रवर्ती जसा चक्राने षट्खंड पृथ्वी साधतो, तसे आपण बुद्धिरूपी चक्राने षट्खंडागम साधले, असा त्याचा आशय. उपाधी मोठी, पण तिच्यामागे सहा खंडांचे अध्ययन होते. भाऊराव पाटलांना लोकांनी कर्मवीर म्हटले, तेव्हा 1919 मध्ये काले येथे रुजविलेल्या रयत शिक्षण संस्थेची वसतिगृहे लोकांच्या डोळ्यांसमोर होती. आज निमंत्रणपत्रिकांवर नावाआधी दोन-दोन ओळी विशेषणे छापली जातात आणि शेवटी कोणाचे आगमन आहे हे शोधावे लागते. समाजभूषण, जैनरत्न, दानवीर ही पदे शाल-श्रीफळाबरोबर वर्षातून इतक्यांना मिळतात की पुढच्या वर्षी देणाऱ्यांनाही यादी आठवत नाही. ज्यांना ती खरोखर शोभली असती त्यांच्यावर यात अन्याय होतो, कारण त्यांच्यासाठी मग शब्दच उरत नाही.

संगमरवरी पाट्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे, आणि प्रत्येक संस्थेला तो कधी ना कधी सोडवावा लागतो. पाटी नको म्हटले तर वास्तू उभी राहत नाही. पाट्या लावल्या तर भिंत उरत नाही. मागील पिढ्यांनी यात काही वाटा काढल्या होत्या. मुंबईचे सेठ माणिकचंद हिराचंद यांनी उभारलेल्या धर्मशाळेला स्वतःचे नाव दिले नाही. ती पित्याच्या स्मरणार्थ हिराबाग झाली. सोलापूरच्या ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांचे नाव ग्रंथमालेला लागले, परंतु त्यासाठी त्यांनी आपली संपत्तीच शास्त्रसंरक्षणाला वाहिली होती. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयाचे नाव बदलल्यास मोठी देणगी देऊ, असे म्हणणाऱ्या धनिकाला कर्मवीरांनी माघारी पाठविले, ही आठवण आजही सांगितली जाते. पैशांची निकड त्यांना नव्हती असे नव्हे. ती नेहमीच होती.

श्रवणबेळगोळच्या यात्रेकरूंनी आणखी एक गोष्ट ऐकलेली असते. महामूर्तीच्या पहिल्या अभिषेकाला चावुंडरायांनी घड्यांमागून घडे दूध ओतले, पण अभिमानाचा स्पर्श झालेले ते दूध मूर्तीच्या पायांपर्यंत उतरेना. तेव्हा एक वृद्धा पुढे आली. तिच्या हाती वांग्यासारख्या लहानशा फळाच्या करवंटीत थोडेसे दूध होते. ते तिने ओतले आणि मूर्ती नखशिखांत न्हाली. आज मूर्तीसमोर तिची पाषाणप्रतिमा उभी आहे, हातात ते पात्र धरलेली. तिचे नाव कोणी विचारून ठेवले नाही. त्या फळाला कन्नडमध्ये गुळ्ळकायी म्हणतात आणि अज्जी म्हणजे आजी. म्हणून तिला गुळ्ळकायज्जी म्हणतात. 2018 च्या महामस्तकाभिषेकाला कलशांची बोली बोलून जे शिखरापर्यंत चढले, तेही उतरताना तिच्यासमोरून हात जोडूनच गेले.