गुडघ्याची सूज आणि गोचिडीचा दंश



 विषय दूरदेशीचा आहे. परंतु आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत, आणि आजी-आजोबा उन्हाळ्यात तिकडे जाऊन राहतात. तेव्हा त्या देशाच्या ईशान्य भागातील एका दुखण्याची ओळख असणे हिताचे आहे.

कनेक्टिकट राज्यात लाइम नावाचे गाव आहे. तेथे व शेजारच्या गावांत अनेक मुलांचे गुडघे सुजू लागले. डॉक्टरांनी तो मुलांचा आमवात ठरविला. पॉली मरे या गृहिणीचे मात्र समाधान होईना. एकाच परिसरातील इतक्या घरांत हे दुखणे कसे? १९७५ साली तिने सरकारी आरोग्यखात्याकडे धाव घेतली. येल विद्यापीठाचे डॉ. ॲलन स्टीअर यांनी तपास केला तेव्हा ५१ रुग्ण आढळले. त्यांत ३९ मुले. सुमारे पाव रुग्णांना सांधे सुजण्यापूर्वी अंगावर लाल चट्टा उठल्याचे आठवत होते. १९७७ साली या रोगास 'लाइम संधिवात' हे नाव मिळाले. पुढे विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीच्या पोटात मळसूत्री जंतू सापडला. १९८२ साली हा शोध प्रसिद्ध झाला. एका आईने शंका सोडली नाही, त्याचे हे फळ!

आता लक्षणे पाहू. ही गोचीड पिल्लाच्या अवस्थेत खसखशीच्या दाण्याएवढी असते. दंश बहुधा कळतही नाही. म्हणून 'गोचीड चावल्याचे आठवत नाही' एवढ्यावरून रोग नाही असे समजू नये. काही दिवसांनी दंशाच्या जागी पसरत जाणारा लाल चट्टा उठतो. सांधा सुजतो तो पुष्कळदा काही महिन्यांनी. बहुधा एकच गुडघा सुजतो. सूज मोठी, पण त्या मानाने वेदना कमी. ती आपोआप ओसरते आणि पुन्हा उलटते. मात्र ताप चढला असेल आणि पाय टेकवतच नसेल, तर सांध्यात पू झाला असण्याचा संभव असतो. तेव्हा तत्काळ रुग्णालय गाठावे.

निदानासाठी रक्ताची तपासणी दोन टप्प्यांत करतात. सांधे सुजेपर्यंत रक्तात 'आयजीजी' प्रतिद्रव्ये भरपूर झालेली असतात. ती नसतील तर लाइम संधिवात जवळजवळ नाहीच. पण बरे झाल्यावरही ती वर्षानुवर्षे राहतात. म्हणून गुण आला की नाही, हे पाहण्यासाठी ही तपासणी पुनःपुन्हा करू नये. सांध्यातील पाणी काढूनही तपासतात.

जो त्या प्रदेशात गेलाच नाही, त्याने केवळ गुडघा सुजला म्हणून ही तपासणी करून घेऊ नये. खोटा होकार येऊन दिशाभूल होते, आणि क्षय किंवा चिकुनगुनिया यांसारखे आपल्याकडचे कारण मागे पडते. उलट, तिकडून परतलेल्याचा गुडघा सहा महिन्यांनी सुजला, तर आपला प्रवास डॉक्टरांना अवश्य सांगावा. तुम्ही सांगितल्यावाचून त्यांना हा रोग सुचावा कसा?

निदान झाले की डॉक्सिसायक्लिन किंवा अमॉक्सिसिलिन साधारण २८ दिवस देतात. बहुतेक रुग्ण त्याने बरे होतात. थोड्यांना पुढील उपचार लागतात. निदान चुकले, तर मुलाचा सांधा वर्षानुवर्षे पुनःपुन्हा सुजत राहतो.